शून्य चुका

चौथ्या ओळीत चूक आहे, असं यंत्राने सांगितलं तेव्हा अण्णा आधी हसले. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला आणि चौथी ओळ वाचली. मग मात्र ते हसायचे थांबले.

"काय झालं?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं. अण्णा एकटेच हसले की काहीतरी बिघडलंय, हे सदतीस वर्षांच्या संसारानंतर तिला बसल्या जागी कळत असे.

"हे मला म्हणतंय, तुमची चूक आहे."

भांड्यांचा आवाज बंद झाला. बायको पदराला हात पुसत दारात आली. "कोण म्हणतंय?"

अण्णांनी जेवणाच्या टेबलावरच्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

"तुम्हाला? प्रत्यक्ष तुम्हाला?"

"प्रत्यक्ष मला."

"अगं बाई," म्हणत तिने खुर्ची ओढली आणि ती टेबलाशी ठाण मांडून बसली. असा प्रसंग तिला चुकवायचा नव्हता.

अण्णा मुद्रितशोधक होते. बत्तीस वर्षं त्यांनी एका मोठ्या छापखान्यात प्रुफं तपासली होती. शब्दकोश, पाठ्यपुस्तकं, आगगाड्यांची वेळापत्रकं, औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं, सगळं त्यांच्या लाल पेन्सिलीखालून गेलं होतं. छापखान्यात त्यांच्यामागे त्यांना 'वेलांटी' म्हणत, आणि समोर कोणी काही म्हणतच नसे, कारण बोलताना चुकलं तरी ते दुरुस्त करत. एकदा छातीत दुखायला लागलं म्हणून बायको त्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, तर अण्णा दवाखान्याच्या पायरीवरूनच मागे फिरले. पाटीवर 'तज्ज्ञ' या शब्दात एक ज कमी होता. "ज्याला आपण कोण आहोत ते लिहिता येत नाही, त्याला मी छातीला हात लावू देणार नाही," असं म्हणून ते दुखणारी छाती घेऊन घरी आले. नशिबाने ते पित्त निघालं.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, कोणालाही न विचारता, अण्णांनी वाचनालयातल्या संगणकाच्या वर्गात नाव घातलं. वर्ग निवृत्त माणसांसाठी होता आणि शिकवायला वाचनालयाच्या ग्रंथपालबाई होत्या. "या वयात कशाला?" असं बायकोने विचारलं तेव्हा "वेळ जातो" असं ते म्हणाले. खरं कारण त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यांची एकुलती एक मुलगी दुसऱ्या गावात संगणकाचे प्रोग्राम लिहायची. फोनवर ती आईशी अर्धा तास बोले आणि बाबांशी "तब्येत कशी आहे?" एवढंच. त्याहून लांब वाक्यात चुकण्याचा धोका असतो, हे ती लहानपणीच शिकली होती. तिच्याशी बोलायला एखादा विषय असावा, एवढ्यासाठी अण्णा आठवड्यातून तीनदा जिना चढून वर्गाला जात होते.

वर्गाचा शेवटचा धडा म्हणजे एक साधा गणकयंत्राचा प्रोग्राम. दोन आकडे विचारायचे, बेरीज, वजाबाकी, गुणाकार की भागाकार ते विचारायचं, उत्तर दाखवायचं. अण्णांनी तो आधी आखीव कागदावर मोत्यासारख्या अक्षरात लिहिला, तीनदा तपासला, मग एकेक अक्षर टिपत लॅपटॉपमध्ये उतरवला. चालवून मात्र बघितला नाही. तपासलेला मजकूर पुन्हा कशाला तपासायचा? बायकोनेही मुलीला फोनवर सांगून टाकलं होतं, "बाबांनी प्रोग्राम तयार करून ठेवलाय. आलीस की दाखवणार आहेत." मुलगी अकरा महिन्यांनी आज येत होती. एक वाजता. आता दहा वाजले होते आणि अण्णांनी केवळ उपचार म्हणून ते बटण दाबलं होतं.

"चौथ्या ओळीत काहीही चूक नाही," अण्णांनी जाहीर केलं. "हे यंत्र निरपराध ओळीवर आळ घेतंय."

"मग तिसरीत असेल," बायको म्हणाली.

"तिसरीत असती तर तिसरीत सांगितली नसती का?" असं म्हणत अण्णांनी सहज तिसरी ओळ बघितली आणि त्यांची बोटं टेबलावरच थिजली. ओळीच्या शेवटी अर्धविराम नव्हता.

अर्धविराम! ज्या चिन्हाला लेखक विसरले, वाचक विसरले, त्या चिन्हासाठी अण्णा बत्तीस वर्षं भांडले होते. एका नामवंत प्राध्यापकाच्या पुस्तकात त्यांनी एकशे चाळीस अर्धविराम घातले होते आणि प्राध्यापक रडकुंडीला येईपर्यंत एकही काढू दिला नव्हता. आणि आज स्वतःच्या तिसऱ्या ओळीत...

"पण मग ते चौथी ओळ का म्हणालं?" बायकोने विचारलं.

अण्णा पडद्याकडे बघत राहिले. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर देवळात शिरल्यासारखा भाव आला. "अगं, ते थांबलं होतं," ते हलक्या आवाजात म्हणाले. "तिसरी ओळ संपली, विराम आला नाही. त्याला वाटलं, असेल, पुढे येईल. चौथ्या ओळीपर्यंत वाट बघितली बिचाऱ्याने. चौथी सुरू झाली तेव्हा त्याची खात्री पटली. म्हणून चौथी म्हणालं." त्यांनी बायकोकडे बघितलं. "हे वाचतं. खरंच वाचतं. एकही अक्षर न गाळता. असा वाचणारा मला उभ्या जन्मात भेटला नव्हता."

तिला त्यातलं फारसं कळलं नाही. पण आपल्या नवऱ्याला दुसऱ्या कोणाचं कौतुक करताना ती पहिल्यांदाच बघत होती, त्यामुळे ती गप्प राहिली.

अण्णांनी मोठ्या आदराने अर्धविराम घातला आणि पुन्हा बटण दाबलं. आता सहा चुका दिसल्या.

"एक काढली तर सहा झाल्या?" बायको म्हणाली. "मग ती एक तरी राहू द्यायची होती."

अण्णांनी ग्रंथपालबाईंना फोन लावला. रविवारची सकाळ असल्यामुळे बाईंच्या घरी नळ दुरुस्त करायला माणूस आला होता, त्यामुळे अर्धं बोलणं ठोकाठोकीत झालं.

"तुम्ही 'इफ' मोठ्या अक्षराने सुरू केलंय का?" बाईंनी विचारलं.

"अर्थात. वाक्याची सुरुवात आहे ती. इंग्रजीत वाक्याची सुरुवात मोठ्याच अक्षराने करतात."

"इथे नाही करत."

"इथे म्हणजे कुठे?"

"यंत्रात हो! त्याला मोठं 'इफ' वेगळं वाटतं आणि छोटं वेगळं. मोठं ते ओळखतच नाही. आणि गुणाकाराचं चिन्ह काय दिलंय?"

"गुणाकाराचंच दिलंय. फुली. शोधून काढायला पाऊण तास लागला."

"ती नको. तिथे चांदणी द्या."

"चांदणी?" अण्णा ताठ बसले. "तळटीपेची?"

"हो, तीच."

"मग तळटीप कुठे आहे?"

पलीकडे काहीतरी धाडकन पडलं. बाई घाईने म्हणाल्या, "तळटीप नाही, अण्णा. नुसती चांदणी. आणि भागाकाराला तिरकी रेघ. मला आता जाऊ द्या, स्वयंपाकघरात पाणी झालंय."

अण्णांनी फोन ठेवला आणि थोडा वेळ बोटं टेबलावर वाजवली. तळटीप नसलेली चांदणी आणि मोठ्या अक्षराशिवाय सुरू होणारं वाक्य. छापखान्यात असं कोणी केलं असतं तर त्याला त्यांनी दुपारपर्यंत टिकू दिलं नसतं. पण समोरचा वाचक असामान्य होता, आणि असामान्यांच्या लहरी सांभाळाव्या लागतात. त्यांनी सगळी मोठी अक्षरं छोटी केली, चांदण्या लावल्या, रेघा तिरक्या केल्या. सहाची एक झाली.

"अकरा वाजले," बायको म्हणाली. "मला टेबल लागेल. ताटं कुठे मांडू?"

"एकच राहिलीय. पण अक्षर बारीक आहे, डोळे दुखायला लागले. थोडं मोठं करून बघतो."

अण्णांना मोठी अक्षरं कशी करायची ते फक्त पत्रं लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये येत होतं. त्यांनी सगळा प्रोग्राम तिथे नेला, अक्षरं बोराएवढी केली, समाधानाने एकदा वाचला, दोन ठिकाणचं अंतर सारखं केलं आणि होता तसा परत आणून ठेवला. बटण दाबलं.

एकतीस.

अण्णांनी आकडा पुन्हा वाचला. "मी काहीच बदललं नाही," ते म्हणाले. "एक अक्षर बदललं नाही. शपथेवर सांगतो."

"मला काय सांगता? त्याला सांगा."

आता कागदाशिवाय गत्यंतर नव्हतं. अण्णांना खरी चूक फक्त कागदावर दिसायची. ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानदारीणबाईंनी बोराएवढ्या अक्षरांकडे बघून विचारलं, "एवढं मोठंच छापायचं?" अण्णा म्हणाले, "याहून मोठं होत असेल तर तसं." ते चौदा पानांचं बाड घेऊन परत आले. टेबलावर आता ताटं मांडलेली होती. त्यांनी बैठकीच्या खोलीत जमिनीवर पानं ओळीने अंथरली. पहिलं पान खिडकीखाली आणि चौदावं थेट बाहेरच्या दाराशी आलं.

मग ते खालच्या मजल्यावर राहणाऱ्या जुळाऱ्याला बोलावून आले. जुळारी म्हणजे त्यांच्याच छापखान्यातले जुने खिळेजुळारी. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचे, आणि खिळ्यावर अक्षर उलटं असतं म्हणून आयुष्यभर उलटंच वाचत आले होते. संगणकाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. ते आले, चपला काढल्या, चौदा पानांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "हे रे काय? कुणाला शाप देतोयस?"

"गणकयंत्र आहे."

"हे?"

"बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. एकतीस चुका आहेत. शोध."

जुळाऱ्यांना त्यातलं काहीही कळत नव्हतं, हाच त्यांचा फायदा होता. दाराशी चौदाव्या पानावर ते गुडघे टेकून बसले आणि खालून वर, उजवीकडून डावीकडे, ओळीवर बोट ठेवत सरकू लागले. अण्णा पहिल्या पानापासून लाल पेन्सिल घेऊन निघाले. दोघे वडीलधारे रांगत एकमेकांच्या दिशेने येत होते. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती आणि हसू येऊ नये म्हणून तिने तोंडावर पदर धरला होता.

"महिरपी कंस," पहिल्या पानापर्यंत पोहोचून जुळारी म्हणाले.

"काय झालं त्याला?"

"हे महिरपी कंस जोडीजोडीने आहेत. एकाने उघडायचं, दुसऱ्याने मिटायचं. मी मिटलेले मोजत आलोय, तू उघडलेले सांग."

"सहा."

"माझे पाच. तुझं एक दार उघडं राहिलंय, मित्रा."

अण्णा डोळे विस्फारून बघत राहिले. ज्या माणसाला यातला ओ की ठो कळत नव्हता, त्याने नुसती दारं मोजून चूक पकडली होती. "तुला सांगतो," ते म्हणाले, "तू आणि ते यंत्र एकाच मातीचे आहात." जुळाऱ्यांना ही स्तुती आहे की काय ते कळेना. अण्णांनी उठून लॅपटॉपवर कंस घातला. एकतीसच्या तीस झाल्या आणि ते पुन्हा जमिनीवर आले.

दारावरची घंटा वाजलीच नाही. दार उघडंच होतं, आणि गाडी पाऊण तास आधी पोहोचली होती. पाठीवर पिशवी, हातात बॅग घेऊन मुलगी उंबऱ्यात उभी राहिली आणि तिने आत पाऊल टाकलं.

"थांब!" अण्णा जमिनीवरून ओरडले. "चौदाव्या पानावर पाय देऊ नकोस!"

मुलीचा पाय तसाच हवेत राहिला.

"अकरा महिन्यांनी पोर घरी आली," स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "आणि बापाचं पहिलं वाक्य हे."

मुलीने पाय मागे घेतला. बॅग भिंतीशी ठेवली आणि खाली वाकून चौदावं पान वाचलं. मग कडेकडेने तेरावं. मग बारावं. अण्णा तसेच गुडघ्यांवर होते. प्रुफं तपासून होईपर्यंत छापखान्याच्या बाकावर लेखक असेच बसत, हे त्यांना आठवलं. त्यांना तेव्हा नेहमी वाटे, या माणसांना घाम कशाचा फुटतो?

ती चौथ्या पानावर थांबली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तिला दिसलं होतं. अण्णांनी न बोलता लाल पेन्सिल तिच्यापुढे धरली.

तिने ती घेतली नाही. "सांगू बाबा?" तिने विचारलं. "की तुम्ही शोधताय?"

अण्णा गोंधळले. असा प्रश्न असू शकतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. चूक दिसली की ती सांगायची, मधे विचारायचं काय? त्यांनी आयुष्यात कोणालाही असं विचारलेलं नव्हतं.

"शोधतो," ते शेवटी म्हणाले. "पण तू इथेच थांब."

"थांबते. यंत्राने काय म्हटलंय ते आधी मोठ्याने वाचा."

अण्णा लॅपटॉपपाशी गेले. "म्हणतंय, अनोळखी चिन्ह. दहाव्या ओळीत अनोळखी चिन्ह, बाराव्या ओळीत अनोळखी चिन्ह... तीस वेळा तेच."

"मग कुठलं चिन्ह असेल?"

ग्रंथपालबाईंनी वर्गात दिलेला नमुन्याचा कागद अण्णांनी शोधून काढला आणि चौथ्या पानाशेजारी ठेवला. भिंग आणलं. एक नजर इकडे, एक नजर तिकडे. जुळारीही शेजारी ओणवे झाले.

"अवतरणचिन्हं!" अण्णा म्हणाले. "बाईंची उभी आहेत, काडीसारखी. माझी वळलेली आहेत."

"दुसऱ्या पेटीतले खिळे मिसळलेत," जुळारी मान डोलावत म्हणाले.

"पत्राच्या सॉफ्टवेअरने वळवली ती," मुलगी म्हणाली. "ते आपोआप वळवतं. छान दिसावं म्हणून."

"छान दिसावं म्हणून नाही, ती बरोबर आहेत म्हणून!" अण्णांचा आवाज चढला. "वळलेलं तेच खरं अवतरणचिन्ह. उभं चिन्ह फूट आणि इंचाचं असतं. पहिल्या वर्षीच्या पोरालासुद्धा हे माहीत असतं. म्हणजे मी आता माझ्या हाताने बरोबर काढून चूक घालायची?"

"यंत्रासाठी उभीच बरोबर, बाबा."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि वळलेलं एकेक चिन्ह पुसून तिथे उभं घालायला सुरुवात केली. पहिल्या दोन-तीन वेळा त्यांचा हात अडखळला. मुलगी शेजारी येऊन बसली. आईने तिच्या हातात पाण्याचा पेला दिला.

"तुझ्याकडून होतात अशा चुका?" पडद्यावरची नजर न काढता अण्णांनी विचारलं.

"रोज."

"रोज?"

"दिवसाला चाळीस-पन्नास तरी. सगळ्यांच्याच होतात. त्या काढणं हेच तर काम आहे."

"आणि मग वरचा माणूस काय म्हणतो?"

"काय म्हणणार? त्याच्या माझ्याहून जास्त होतात."

अण्णांचा हात थांबला. दिवसाला पन्नास चुका, आणि कोणी मान खाली घालत नाही, कोणाचा आवाज चढत नाही, संध्याकाळी माणसं हसत घरी जातात. असंही एक जग होतं, आणि त्यांची स्वतःची मुलगी तिथे रोज जाऊन येत होती.

"आणि हे यंत्र बघ ना," ते म्हणाले. "सकाळपासून किती वेळा चुकलो असेन. दर वेळी सांगतं, अमक्या ओळीत बघा. पण एकदाही म्हणालं नाही, 'किती वेळा तेच तेच सांगायचं?'"

"शिका जरा त्याच्याकडून," बायको म्हणाली.

जुळाऱ्यांना ठसका लागला. अण्णांनी बायकोकडे बघितलं, मग मुलीकडे, आणि पुढचं चिन्ह उभं केलं.

शेवटचं चिन्ह घालून झालं तेव्हा सगळे पडद्याभोवती जमले होते. अण्णांनी बटणावर बोट ठेवलं आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा पडद्यावर लिहिलं होतं, चुका शून्य. खाली एक छोटी रेघ लुकलुकत होती. पहिला आकडा विचारत होती.

अर्धविराम, कंस, काड्या आणि चांदण्या यांच्या त्या गिचमिडीतून एक प्रश्न उभा राहिला होता आणि उत्तराची वाट बघत होता. बत्तीस वर्षं त्यांनी शब्द तपासले होते. पण तपासून झालेले शब्द उठून चालायला लागले, असं कधी घडलं नव्हतं.

"तू घाल आकडे," त्यांनी जुळाऱ्यांना मान दिला. जुळाऱ्यांनी एका बोटाने सात आणि आठ दाबले आणि गुणाकार मागितला. छप्पन्न आले. "आयला!" जुळारी म्हणाले आणि लगेच जीभ चावली. पण अण्णांनी तिकडे लक्षच दिलं नाही.

"मी घालू?" बायकोने विचारलं. तिच्या हाताला कणभर मीठ लागलेलं होतं. तिने नऊ दाबले, भागाकार मागितला, दोन दाबले.

पडद्यावर चार आले.

"वा!" अण्णा म्हणाले.

"वा काय?" बायको म्हणाली. "नऊ बटाटे दोघांत वाटले तर चार-चार? मग उरलेला कोणी खाल्ला?"

अण्णांनी पडद्याकडे बघितलं. चार. पुन्हा बघितलं. चारच. "पण चुका शून्य आहेत," ते म्हणाले.

"लिहिण्यातल्या शून्य आहेत, बाबा," मुलगी हळूच म्हणाली. "तुम्ही पहिल्या ओळींत सांगितलंय की आकडे पूर्णच असतील. त्यामुळे उरलेलं अर्धं ते फेकून देतं. एका शब्दाचं काम आहे, जेवण झाल्यावर बदलू."

"मग त्याने मला सांगितलं का नाही? एवढं अर्धविरामासाठी अडून बसतं आणि अर्धा बटाटा गेला तरी गप्प?"

"त्याला ते कळत नाही ना. लिहिलंय शुद्धच. म्हणायचं होतं ते वेगळं होतं. ते फक्त काना-मात्रा बघतं. आत काय म्हटलंय, ते माणसानेच बघायचं."

जुळारी उगाच पानं गोळा करू लागले.

"आमच्याकडे असा अर्धा थेंब गळला तर फार मोठा अनर्थ होईल," मुलगी पुढे म्हणाली. "म्हणून आईसारखी माणसं मुद्दाम बसवलेली असतात. सारखं हे भाग, ते भाग करून बघायला."

"कसला थेंब?"

"औषधाचा. जन्मल्या जन्मल्या आजारी असतात ना बाळं, मुठीएवढी, त्यांना थेंबथेंब औषध जातं. किती थेंब, किती वेळाने, ते मोजणारं यंत्र असतं. त्याचं मोजण्याचं काम मी लिहिते."

अण्णा वळून तिच्याकडे बघू लागले. सकाळपासून यंत्राकडे बघत होते तसेच, किंवा त्याहूनही जास्त. हिच्या बोटांनी घातलेल्या अर्धविरामांवर कुठेतरी मुठीएवढी बाळं श्वास घेत होती, आणि हे त्यांना आज, जेवणाच्या टेबलाशी, बटाट्यांवरून कळत होतं.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"लिहिलं होतं की. नोकरी लागली त्या महिन्यात. चार पानी पत्र होतं."

"मी वाचलं होतं ते."

"हो." तिच्या आवाजात राग नव्हता. "सतरा चुका काढून परत पाठवलं होतंत."

अण्णांनी ते पत्र आठवून बघितलं. दुसऱ्या पानावरची ऱ्हस्व वेलांटी आठवली. तिसऱ्या पानावर एक परिच्छेद नको तिथे तोडला होता, तो आठवला. 'तज्ज्ञ' चुकला नव्हता, हेही आठवलं. पत्रात काय लिहिलं होतं, ते मात्र काही केल्या आठवेना. पडद्यावरचा चार त्यांच्याकडे बघत होता.

"अरे," ते अगदी हळू म्हणाले, "म्हणजे मी पण काना-मात्राच..."

वाक्य अर्धंच राहिलं. त्यांनी ते पुरं केलं नाही, आणि कोणी पुरं करायलाही सांगितलं नाही. मग त्यांनी लॅपटॉप मिटला, बाजूला ठेवला आणि खुर्ची मुलीकडे वळवली.

"काय लिहिलं होतंस?" त्यांनी विचारलं. "आत्ता सांग. पहिल्या दिवसापासून."

मुलगी आईकडे बघून हसली. थोडी लाजलीही. पाण्याचा घोट घेतला आणि बोटांनी पेला फिरवत तिने सुरुवात केली, "पहिल्या दिवशी ना बाबा, मी तिथे गेले, तर मला बसायला खुर्चीच भेटली नाही..."

बायकोच्या हातातला डाव भांड्यावरच थांबला. जुळाऱ्यांनी नजर खाली घातली आणि चौदाव्या पानाची घडी घालायला घेतली. खुर्ची भेटत नाही. माणसं भेटतात, खुर्ची मिळते. या घरात या एका शब्दावरून जेवणं थंड झाली होती.

अण्णांनी तोंड उघडलं. त्यांची मान किंचित ताठ झाली. लाल पेन्सिल टेबलावर हाताशीच होती आणि त्यांची दोन बोटं तिच्या दिशेने सरकलीही.

"मग?" अण्णा म्हणाले. "मग उभ्याने काम केलंस?"